खोलल्याशिवाय सांगता येत नाही

बँकेत असताना मी कर्जाचे प्रस्ताव नाकारायचो. हे काम मला फार छान जमायचं. जुन्या ट्रकचं इंजिन करून घ्यायचंय असं म्हणत कोणी आलं की मी चष्मा कपाळावर चढवायचो आणि विचारायचो, “गाडीची आजची किंमत किती? दुरुस्तीला किती? मग?” त्या ‘मग’पुढे भलेभले गार पडायचे. त्या सगळ्या ट्रकवाल्यांचे तळतळाट 2025 च्या गणपतीत चांदणी चौकात एकदम वसूल झाले.

आमची मारुती आठशे 2005 च्या दसऱ्याची. एप्रिल 2010 मध्ये पुण्यासह तेरा शहरांत भारत स्टेज चार लागू झालं आणि नवी आठशे पुण्यात मिळेनाशी झाली. बाकी देशासाठी ती जानेवारी 2014 पर्यंत कारखान्यातून निघत होती. तेव्हापासून मी सोसायटीत सांगत आलोय की आमच्याकडे आहे ती आता दुर्मिळ वस्तू आहे. ऐकणारे मान डोलावतात आणि त्यांच्या गाड्या माझ्या गाडीपासून चार बोटं लांब लावतात.

तर भाच्याच्या गणपतीला भूगावला निघालो होतो. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री सुरुंग लावून उडवला, तरी तो पठ्ठ्या पुरता पडला नव्हता. उरलेला पाडायला यंत्रं लावावी लागली. नंतर तिथे जे रॅम्प झाले, त्यांतला आपला कोणता हे मला अजून उमगलेलं नाही. एक वळण हुकलं आणि आम्ही मुंबईच्या दिशेला लागलो. परत फिरण्याच्या खटपटीत चढावर काटा ‘एच’ला टेकला. मांडीवर मोदकांचा डबा घेऊन बसलेली ही शांतपणे म्हणाली, “अहो, तुमच्या बॉनेटमधून वाफ येतेय.” गाडी धड असली की ‘आपली’ असते.

टो करून गाडी आमच्या मेकॅनिकच्या दारात आणली. त्यांनी ऑइलची दांडी बाहेर काढून माझ्या नाकासमोर धरली. ऑइल काळं असायला हवं, ते दुधाच्या चहाच्या रंगाचं झालं होतं.

“हेड गास्केट गेलंय, सर. पाणी ऑइलमध्ये उतरलंय. कूलंट कधी टाकलं होतं?”

कूलंटच्या जागी मी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत आलो होतो. खडकवासल्याचं पाणी माणसांना मानवतं, त्याअर्थी गाडीलाही मानवेल, असा माझा हिशेब.

“किती होतील?”

“नुसतं गास्केट असेल तर पाच-सहा हजारांत बसेल. पण हेड ॲल्युमिनियमचं, तापलं की वाकतं. वाकलं असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग. बोअर घासला असेल तर मग रिंगा-पिस्टन… खोलल्याशिवाय सांगता येत नाही.”

“मग खोलून बघा की,” मी म्हणालो.

घरी येऊन मी रीतसर नोट तयार केली, अगदी बँकेतल्यासारखी. गाडीची बाजारातली किंमत, धक्का मारून विकली तर पंचवीस हजार. ऑक्टोबरात वीस वर्षं पूर्ण, म्हणजे फेरनोंदणीची फी ऑगस्ट 2025 पासून लागू झालेल्या नव्या दराने 10,000 रुपये. 2020 साली हेच काम 600 रुपयांत झालं होतं. पर्यावरण कर निराळा. नव्या नंबरप्लेटचे 745 आणि वर जीएसटी. थर्ड पार्टी विमा 2,094, वर त्यावरही जीएसटी. शेवटी लाल शाईने शेरा मारला : ‘प्रस्ताव नामंजूर’. किती दिवसांनी हात मोकळा झाला!

हिने नोट वाचली. “यात वर्षभर रिक्षाने फिरलो तर किती, तो रकाना कुठंय?”

तो रकाना मी मुद्दामच ठेवला नव्हता. ठेवला असता तर गाडी दहा वर्षांपूर्वीच विकायला लागली असती.

नामंजुरी कळवायला गॅरेजमध्ये गेलो, तर गाडीचं बॉनेट उघडं आणि आत पोकळी. इंजिन पोत्यावर. ट्रेमध्ये तीन पिस्टन ओळीने मांडलेले. इतकी वर्षं 796 सीसी, 796 सीसी म्हणून जे मिरवत होतो, ते सगळं मिळून एका ट्रेमध्ये मावत होतं. मी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला.

“आठशे ना? वजनावर घेतो काका. साडेसहाशे किलो भरते. इंजिन आहे ना जागेवर?”

“पोत्यावर आहे.”

“मग बसवून आणा, मग बोलू.”

मेकॅनिकला विचारलं, नुसतं बसवायचे किती? मजुरी तीच, म्हणाले, खोलायची आणि बसवायची. बिघडलेलं इंजिन बसवायला डिस्काउंट नसतो. आणि मग मराठी भाषेतलं सर्वांत महागडं वाक्य आलं : “आता एवढं खोललंच आहे तर…” तर क्लच प्लेट बदलून घेऊ, उद्या परत उतरवायचं म्हणजे मजुरी डबल. तर वॉटर पंप, टायमिंग बेल्ट. तर रेडिएटर, कारण तो पाण्याने आतून गंजलाय. तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, कारण तिथून रस्ता दिसतो. प्रत्येक ‘तर’ला मी मान हलवत होतो. एकही मुद्दा खोडता येईना. माझ्या टेबलासमोर बसून ट्रकवाले हेच सांगत असणार, आणि मी त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत ‘मग?’ म्हणत होतो.

थोडे पैसे वाचवावेत म्हणून सामान मी स्वतः आणायला नाना पेठेत गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, “कार्बोरेटर का एमपीएफआय?”

“पांढरी,” मी म्हणालो.

दुकानात क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी माझ्याकडे न बघता मागे आवाज दिला, “काकांना मेकॅनिकशी बोलून यायला सांग.”

सगळं मिळून त्रेचाळीस हजार झाले. पुढे आरटीओची फी, कर, नंबरप्लेट. पंचवीस हजारांची गाडी साठ हजारांच्या घरात गेली आणि बाजारात तिची किंमत अजूनही पंचवीसच आहे. सोसायटीत मात्र मी आकडा थोडा वाढवूनच सांगतो, म्हणजे लोक तिच्याकडे जरा आदराने बघतात.

गाडी आता एक नंबर झालीय. पहिल्या सेल्फला चालू, चढावर गार. मंडईत जायचं असलं की आम्ही वनाजला मेट्रोत बसतो, सिव्हिल कोर्टला बदलतो आणि थेट मंडईत उतरतो. इतका खर्च केलेली गाडी तिथे उघड्यावर लावायची म्हणजे काय? कोणीतरी ओरखडा मारायचा.