राजमान्य राजेश्री कडुनिंब यांस

प्रति,
श्री. कडुनिंब,
अंगणाची दक्षिण बाजू, आमचं घर, वर्धा.

विषय : आमच्या छतावर आपण विनापरवाना टाकत असलेली सावली.
संदर्भ : डिसेंबरचं वीजबिल.

महोदय,

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान देऊ केलं आणि आमच्यासारखे लोक रातोरात सूर्योपासक झाले. मीही सहा पॅनेलं बसवली. छत माझं, कर्ज माझं, सूर्य सगळ्यांचा. सगळ्या सह्या झाल्या, शिक्के झाले; आपली ना-हरकत घ्यायची तेवढी राहिली.

जागा पाहायला माणूस आला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी. त्या दिवसांत वर्ध्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. आपलीही बुंध्याभोवती गोळा होऊन बसली होती. “सावलीचा काही प्रॉब्लेम नाही जी, अन् मेंटेनन्स शून्य,” असं म्हणत त्या गृहस्थाने आपल्याच खाली बसून आमच्या घरचं पन्हं घेतलं. आपण तेव्हा चकार शब्द काढला नाहीत, याची नोंद घेतली आहे.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला. भर बाराला तो आभाळात जेमतेम अर्ध्यावर, आणि चाळीस फुटी आपण तेवढीच लांब सावली घेऊन उत्तरेला, म्हणजे माझ्या छतावर हजर. सावली पडली दोनच पॅनेलांवर. पण सहाही एका माळेत जोडलेली. वखराचा एक बैल बसला की दुसऱ्याने कितीही जोर लावला तरी तास पुढे सरकत नाही, तसली गत. अशा वेळी वीज दुसऱ्या वाटेने वळवणारे डायोड पॅनेलमध्ये असतात. बसलेल्या बैलाला वगळून ते काम चालू ठेवतात खरे, पण त्या बैलाचं बळ गेलं ते गेलंच.

पावसाळ्याची तक्रार वेगळी. पाऊस पॅनेलं फुकटात धुतो म्हणतात. धूळ धुतो, हे मान्य. पण आपल्या निंबोळ्या नेमक्या तेव्हाच पिकतात, बुलबुल-कावळ्यांची पंगत बसते आणि उष्टं-खरकटं माझ्या काचेवर. आपला पाला पॅनेलच्या खालच्या चौकटीला अडतो, तिथे गाळ साचतो आणि श्रावण सरेपर्यंत लुगड्याच्या काठासारखी हिरवीगार शेवाळाची किनार उमटते. वाळलेली शिट पावसाला दाद देत नाही, म्हणून मी भांड्यांची घासणी चालवली. काचेवर कायमचे ओरखडे पडले. मग बोअरचं पाणी मारलं. ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उरले. आता अक्कल आली आहे : पन्हाळीचं पावसाचं पाणी ड्रममध्ये धरायचं, यंत्रणा बंद करायची आणि ऊन चढायच्या आत मऊ फडक्याने पुसायचं. तापल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. ओल्या स्लॅबवर माझा पाय दोनदा सटकला, तेव्हा कळलं : ‘मेंटेनन्स शून्य’ हा हिशेब पैशांचा होता, गुडघ्यांचा नव्हता.

सबब, आपणांस मुळासकट काढावं असा ठराव मी घरात मांडला. पर्यावरण वाचवायला झाड तोडायचं, हे स्वतःच्या तोंडून ऐकताना जरा चमत्कारिक वाटलं. पण हप्ते फेडणाऱ्याला फार संकोच परवडत नाही. आई एवढंच म्हणाली, “काहून कापतं रे बावा? मे महिन्यात बाज कोणाखाली टाकशील?”

कायदाही आपल्याच बाजूने निघाला. शहरी भागातल्या झाडांसाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे, त्यामुळे परवानगीशिवाय हात लावता येत नाही. त्यात २०२१ च्या दुरुस्तीने पन्नाशी गाठलेलं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. आपल्याला आजोबांनी लावलं, म्हणजे आपण वारसा. माझ्या पॅनेलांची हमी २५ वर्षांची. शिवाय इथून जवळच, सेवाग्रामात, बापूंनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ उभा आहे. त्याच्या शेजारगावी कुऱ्हाडीचा अर्ज कोणत्या तोंडाने करू?

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. पॅनेलची ताकद मोजतात ती २५ अंशांवर. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट. आमच्या मेमध्ये काच साठीच्या पुढे तापते. म्हणजे कूलरला वीज सगळ्यात जास्त लागते तेव्हाच पॅनेलंही उन्हाने बेजार. त्या दिवसांत आपली भरदुपारची सावली मात्र छताला शिवत नाही. आपल्याच पायाशी पडते, नेमकी बाजेच्या मापाची.

सबब, ठराव मागे घेत आहे. दोन पॅनेलं उत्तरेच्या कडेला सरकवली आहेत. फांद्यांच्या छाटणीचा अर्ज रीतसर दिला आहे. फार मनाला लावून घेऊ नये.

आपला,
एक सूर्योपासक

सोबत : अर्धं पोतं पाला (साभार परत).
प्रत माहितीसाठी : कावळे, बुलबुल, आपल्या फांदीवरून थेट पॅनेलवर उतरणारी काळतोंडी वानरं.

ता. क. : तोच गृहस्थ या मेमध्ये शेजाऱ्यांचं छत पाहायला येणार आहे, भर दुपारी. बसेल आपल्याच खाली. या खेपेला गप्प राहू नका. डोक्यात एखादी निंबोळी टाका, कच्ची का होईना.