बत्तीस दात

नागपुरात राहून फोर बाय फोर गाडी कशाला हवी, याचं खरं उत्तर कोणीच देत नाही. मीही दिलं नाही. ‘घरात सात माणसं आहेत,’ एवढंच म्हणालो आणि सातही माणसं घेऊन वडनेरला निघालो. गाडी जुनी, तीन रांगांची, फोटोत छपरापर्यंत चिखलाने माखलेली. त्या चिखलावरच माझा जीव जडला होता.

बुटीबोरी, जाम, हिंगणघाटपर्यंत एस.टी. हा रस्ता म्हणजे आपला जुना सात नंबर, हल्लीचा ४४. श्रीनगरहून निघून थेट कन्याकुमारीला जातो. हिंगणघाटला काळीपिवळी मिळाली. तीन रांगांत माणसं किती मावतात हे कंपनीच्या कागदावर वाचायचं नसतं, काळीपिवळीवाल्याला विचारायचं. आम्ही बसलो तेव्हा गाडी भरलेली होती. ‘सरका जी थोडे’ म्हणत त्याने आणखी चौघं आत घातली. शेवटच्याच्या मांडीवर कोंबडी होती.

वडनेरला मालकाच्या अंगणात गाडी धुऊन उभी. (गाडीचं नाव सांगत नाही. दोष असलाच तर वयाचा.) मी टायरवरचा आकडा वाचला, २३१८, आणि ऐटीत सांगितलं, ‘२०१८ सालचा तेविसावा आठवडा.’

‘पंचांग पाह्यता का जी?’ शेजारचे आजोबा म्हणाले. ‘जनावर घेताना दात पाहा लागते. आदत, दोन दाती, चार दाती. एकदा जुळला का मंग वय मालकालेच मालूम.’

मीटरवर अडुसष्ट हजार किलोमीटर. आजोबांनी दार उघडून आत वाकून पाहिलं. क्लचच्या पायटीवरचं रबर आरशासारखं गुळगुळीत. ‘हे पाहा दात. अडुसष्टात येवढे झिजते का?’ मालक आभाळाकडे पाहू लागला. आजोबांनी नंबराची पाटी वाचली, एमएच ३२. ‘बैलालेही बत्तीसच राह्यते,’ म्हणाले, आणि तेवढ्यावर गाडी पास केली.

फोर बाय फोरचा दांडा मात्र हलेना. मी ओढला, मालकाने ओढला, शेवटी दोघांनी मिळून ओढला.

‘कायले ओढता?’ आजोबा म्हणाले. ‘तो फोटू पांदनीतला आहे. चार दिवस तेथंच होती. काळ्या मातीत चार चाकं फिरली म्हून का झालं? चारी फसली.’

मग आजोबांनी माझा हात आपल्या दुपट्ट्याखाली घेतला. बैलबाजाराची रीत. कापडाखाली बोटं दाबायची, भाव तिसऱ्याला कळू द्यायचा नाही. त्यांनी तीन बोटं दाबली, मग अर्धं. तीन म्हणजे तीस हजार की तीन लाख, हे विचारायला लाज वाटली. मी मान हलवली. मालकाने पोराला पेढे आणायला पिटाळलं, तेव्हा लाखच असावेत हे उमगलं.

फॉर्म २९ च्या दोन प्रती, ३० ची एक. सह्या करताना माझा हात थरथरत होता. मालकाचा नाही.

परत निघताना आजोबा म्हणाले, ‘हिंगणघाटपर्यंत येतो.’ सोबत त्यांचा नातू. वडनेरच्या थांब्यावर एका बाईने हात दाखवला. मी थांबणार नव्हतो, पण तिसऱ्या रांगेतून आईचा आवाज आला.

‘सरका जी थोडे.’