बंदुकीला तेल, पदकाला डबा

साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलंय. घरटी एक फौजी अशी त्याची ख्याती. आमच्या पारावरही आजोबांच्या फौजेचा विषय अभिमानानं निघतो आणि दोन मिनिटांत ठासणीच्या बंदुकीवर घसरतो. मग रानडुकराच्या कथा, कुकरीची धार, कोयत्याची मूठ बाभळीची बरी की सागाची, यावर तासभर खल. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गेली, शिकारी तेवढे उरले. बंदूक दर रविवारी तेल पिते. आजोबा ब्रह्मदेशात कोणत्या पलटणीतून लढले, हे मात्र एकालाही सांगता येत नाही. त्यांचा ‘बर्मा स्टार’ आजीच्या बटणांच्या डब्यात असतो. परवा सदऱ्याचं बटण शोधताना सापडला.