लेबर रूमची पहिली मुलाखत: विधी आणि निषेध

प्रस्तुत मार्गदर्शन माझ्या भाचीसाठी आहे. जीएनएम नर्सिंगची तीन वर्षं पुरी झाली, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, आणि नोकरी करीन तर लेबर रूममध्येच, असं म्हणून ती बडोद्याला मांजलपुरात माझ्याकडे येऊन राहिली आहे. मुलाखत शुक्रवारी आहे. मी त्या खोलीत एकतीस वर्षं काढली आणि शेवटची काही वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले, तेव्हा या विषयात शास्त्र सांगायचा अधिकार माझा. मी हे वहीत हाताने लिहून तिला देते आहे, कारण मोबाइलवर दिलेलं ती वाचत नाही.

नियम १. नखं. उमेदवाराचं सर्टिफिकेट मी नंतर बघायचे, आधी बोटं. एका मुलीला मी नखांपायी परत पाठवलं होतं, पहिल्या नंबरात पास झालेली होती. अजून रात्री कधी आठवते. जाऊ दे. तर आमच्या चिरंजीविनीने परवा नखांना मोरपिशी रंग लावून घेतला. काढ म्हटलं, तर म्हणते, "मावशी, हे जेल आहे, तीन आठवडे निघत नाही."

तीन आठवडे!

नियम २. आदर्श. 'तुमचा आदर्श कोण?' हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तरही हमखास येतं, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, दिवा घेतलेली बाई. एवढ्यावर थांबलीस तर बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या जणी आणि तू सारख्याच. पुढे सांग, की लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात सुइणी शिकवण्यासाठी या बाईंनी बाळंतिणींचा वॉर्ड सुरू करवला होता. तिथे सूतिकाज्वराने बायका दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद झाला. बाईंनी आकडे गोळा केले आणि १८७१ मध्ये पुस्तक लिहिलं, की घरी बाळंत होणाऱ्यांपेक्षा प्रसूतिगृहात बायका जास्त का मरतात. एवढं बोलून झालं की दोन्ही हात टेबलावर ठेवायचे. म्हणून जेल काढायचं.

नियम ३. वेळेच्या अर्धा तास आधी. तुळसीधाम चार रस्त्याचा सिग्नल कुणाच्या आदर्शाला ओळखत नाही.

नियम ४. नमस्कार. पहिला मावशीला. मी तिची सख्खी मावशी, पण हॉस्पिटलातली मावशी म्हणजे आयाबेन, तिला इथे मासी म्हणतात. लेबर रूमचं खरं राज्य तिचं. बाई टेबलावर घ्यायची वेळ झाली की नाही, हे ती दारातून आवाज ऐकून सांगते आणि बहुधा बरोबर सांगते. तिने नाक मुरडलं तर पहिल्या रात्री तुला प्लॅस्टिकचा एप्रन सापडणार नाही.

नियम ५. 'लेबर रूमच का?' यावर 'नवा जीव जगात येताना पाहण्याचं भाग्य' असं एक वाक्य भाची आरशासमोर घोकते आहे. हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की ऐकताना माझा हात आपोआप चहाकडे जायचा. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी खरं ते सांगून बसले होते, "मेडिकल वॉर्डात रात्री मला झोप येते. इथे येत नाही." मेट्रन हसल्या नाहीत, पण नोकरी मिळाली.

नियम ६. वही. शिकताना वीस प्रसूती स्वतः केल्याची नोंद वहीत लागते. आता आपण दोघी घरातच आहोत म्हणून बोलते. टेबलाभोवती पाच विद्यार्थिनी उभ्या असतात, बाळ एक, आणि संध्याकाळी पाच वह्यांत ते पाचदा जन्मतं. समोरच्या बाईच्या वहीतही असंच झालेलं असतं. 'स्वतःच्या हाताने किती केल्या?' असं विचारलं तर खरा आकडा सांग. नऊ म्हणालीस तर ती मान हलवेल. वीस म्हणालीस तर दहावीच्या वेळी वार किती वेळाने पडली, असं विचारेल.

नियम ७. विषयज्ञान. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०, पार्टोग्राफवर इशाऱ्याची रेघ आणि तिच्यापुढे चार तासांवर कृतीची रेघ, हे सगळ्यांना येतं. सगळ्या अडकतात त्या एका ठिकाणी. 'बाळ बाहेर आलं, पुढे काय?' मुली धडाधडा म्हणतात, एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. चूक. आधी पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना, ते बघायचं. मग इंजेक्शन. हे एक वाक्य बोललीस तर पुढचे चार प्रश्न माफ.

रक्तस्राव किती झाला तर हाक मारायची? पुस्तक म्हणतं ५०० मिली. रात्री तीन वाजता मोजायला कोण बसतं? पॅड पाच मिनिटांच्या आत चिंब झालं की हाक मार, मोजणं मागाहून.

ट्रे सात सांगायचे: डिलिव्हरी, एपिसिओटॉमी, बेबी, औषधं, तातडीची औषधं, एमव्हीए आणि तांबीचा. प्रत्यक्षात कुठे कुठे एकच स्टीलचा ट्रे असतो आणि तपासणी आली की त्याचे सात होतात. ते तू पाहिलेलं नाहीस.

नियम ८. पगार, रात्रपाळी, कागद. हा नियम मी लाल शाईने लिहिते आहे. डॉक्टर मॅडम ओटीत असतात (ऑपरेशनच्या; दुसरी ओटी बाहेर पेशंटची सासू भरत असते), म्हणून मुलाखत त्यांचे 'सर' घेतात. हे सर डॉक्टर नसतात, हिशेब बघतात. ते विचारतील, "लग्न क्यारे करवानुं छे?" हा प्रश्न मला विचारला गेला, माझ्या मैत्रिणींना विचारला गेला, आता हिलाही विचारतील. गोड हसून विचारायचं, "सर, रात्री किती पेशंटमागे एक सिस्टर असते?" मग ते कॅल्क्युलेटर जवळ ओढतील. मूळ सर्टिफिकेटं 'सांभाळायला' मागतील, ती द्यायची नाहीत. झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवायची आणि पिशवीत परत घालायची. माझी एका ठिकाणी दीड वर्ष अडकली होती. नोकरी सोडीन म्हटलं की ते कपाटाकडे बघायचे. आणि पगार विचारायचा. तोंडाने, आकड्यात, निघण्याआधी.

नियम ९. भाषा. आमची घरं गायकवाडांच्या मागोमाग बडोद्यात आली आणि दांडिया बाजारातून सरकत सरकत मांजलपुरापर्यंत पोचली. त्यामुळे आम्हाला वाटतं, गुजराती येतंच. भाजी घेण्यापुरतं येतं. कळा आलेल्या बाईपुढे ते पुरत नाही. भाचीला मी पेशंट होऊन दाखवलं. ती म्हणाली, "दहा मिनिटांत किती कॉन्ट्रॅक्शन येतात?" अगं, त्या बाईला हे पास व्हायचंय का? विचार, 'दुखावो क्यारथी उपड्यो? कमरेतून पुढे येतो की नुसता पोटात?' कमरेतून पुढे येत असेल, वाढत असेल, तर घे आत. 'पाणी पड्युं?' हे विसरू नको. मकरपुरा जीआयडीसीतल्या कामगारांच्या बायका येतात, त्यांच्याशी हिंदी. आणि 'जोर कर' सगळ्यांना येतं, पण 'हमणां जोर ना करती' हे वेळेवर आणि न ओरडता म्हणणं, हे मला यायला सहा वर्षं लागली.

कितीही शिकलेली असो, शेवटच्या दहा मिनिटांत बाई आपल्या भाषेवर येते. तासभर अस्खलित गुजरातीत बोलणारी एक जण एकदम "आई गं, मेले!" म्हणून ओरडली. मी म्हटलं, "नाही मेलीस, कळ गेली की श्वास घे." तिने माझा हात इतका आवळला की बांगडी फुटली. मग बांगड्या घालणं मी सोडलंच. ते खरं तर नियम १ मध्ये यायला हवं होतं.

नियम १०. गुरुवारी रात्री लवकर झोपावे.

गुरुवारी रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. नेलपॉलिश काढायच्या औषधात भिजवलेला कापूस, त्यावर पोळ्यांची चांदी गुंडाळलेली, अशी तिची दहा बोटं, आणि एकेक नख मी खरवडतेय. तिच्या हातांची बोटं माझ्या बहिणीसारखी आहेत, लांब.

शुक्रवारी दीड वाजता आली. नखं कुणी बघितली नाहीत. आदर्शही विचारला नाही. लग्नाचं विचारलं. मग मॅडम मास्क हनुवटीवर घेऊन ओटीतून आल्या, म्हणाल्या, बाळ आल्यावर पहिल्यांदा काय करशील? हिने सांगितलं, पोटावर हात ठेवून दुसरं बघीन. "काले रात्रे आठ वाग्ये आवी जा," म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

"आणि पगार?"

"विचारायचं राहिलं."

"लाल शाईत लिहिलं होतं!"

"मावशी, खरं सांगू? तुझं अक्षर लागत नाही."