उभ्याने प्रवास

कुलस्वामिनीच्या पायावर मूल घालायचं असेल तर ते तीन महिन्यांचं असताना घालावं. त्या वयात ते ठेवलं तिथे राहतं. आमच्याकडे आधी पावसाळा आडवा आला, मग माझी रजा, मग बोरन्हाण, मग आजीचा गुडघा. शेवटी मार्चात केळशीला निघालो तोवर चिरंजीव तेरा महिन्यांचे होऊन फर्निचर धरून घरभर हिंडायला लागले होते.

यातलं 'फर्निचर धरून' महत्त्वाचं. डोंबिवलीच्या वन बीएचकेत दर दोन फुटांवर धरायला काहीतरी असतंच. सोफ्यावरून टीपॉय, टीपॉयवरून टीव्हीचं कपाट, तिथून फ्रिज आणि फ्रिजवरून आईचा गाऊन. हात सोडून चालण्याची गरज बिल्डरने शिल्लकच ठेवलेली नाही. पण हे नातेवाइकांना कोण सांगणार? "अजून चालत नाही?" हा प्रश्न फोनवर 'कसे आहात' च्या आधी येऊ लागला. कुणाचा तरी मुलगा म्हणे नवव्या महिन्यात चालला. असली मुलं कायम दुसऱ्या विंगमध्ये राहतात, आपल्याला कधी दिसत नाहीत.

मी शास्त्राचा आधार घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली मुलं तपासून 2006 साली तक्ता काढला आहे. त्यात मूल हात सोडून चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने असा दिला आहे. म्हणजे आमचे चिरंजीव अगदी वेळेत. मोठ्या समाधानाने मी हे आजीला वाचून दाखवलं.

"एवढी मोठी संघटना," आजी म्हणाली, "आणि नऊ महिन्यांची फट ठेवते? आपलं पंचांग बघ. मिनिटापर्यंत सांगतं."

आजीला मोटारीत मळमळतं, एसटीत मळमळत नाही. यामागचं कारण कुठल्याही डॉक्टरला सांगता आलेलं नाही, पण त्यामुळे आमचा प्रवास एसटीने ठरला. कंडक्टरने आमच्या गटाकडे पाहत हिशेब मांडला. आजी पंचाहत्तरीच्या पुढची, फुकट. बाबा पासष्टीच्या पुढचे, अर्धं. आई आणि बायको, 2023 पासून महिलांना अर्धं. चिरंजीव पाच वर्षांखालचे, फुकट. उरलो मी. बसमध्ये चार पिढ्या बसलेल्या आणि पूर्ण तिकीट एकाचं. सामान मात्र तिकिटाच्या व्यस्त प्रमाणात होतं. माझी एक सॅक. आणि ज्याचं तिकीटच नाही त्याच्या दोन बॅगा, एक दुपटं-लंगोटांची पिशवी, मऊभाताचा थर्मास आणि प्लॅस्टिकचा टब. केळशीत काय टब मिळत नाहीत, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेवर वेगळा लेख होईल.

नुकतं उभं राहायला शिकलेलं मूल बसत नाही, हा शोध आम्हाला पनवेलच्या आतच लागला. ते माझ्या मांडीवर उभं राहिलं आणि पुढच्या सीटवरच्या गृहस्थांचे केस धरून तोल सावरू लागलं. गृहस्थ सज्जन होते. केसही फार नव्हते. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं; तेव्हापासून तो रस्ता थोडं रांगतो, थोडं उभा राहतो आणि पुन्हा बसकण मारतो. संघटनेच्या तक्त्यात तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. प्रत्येक वळसा-रस्त्यावर, म्हणजे त्या 'डायव्हर्जन'वर, बस कलली की चिरंजीव आधी खिदळत आणि मग मला चावत.

दापोलीला गाडी बदलून केळशीत पोचलो तेव्हा सगळे आडवे होण्याच्या बेतात होते. एकटा जो रस्ताभर उभा होता, तो ताजातवाना.

ज्यांच्याकडे उतरलो त्या काका-काकूंचं घर जांभ्या चिऱ्यांचं, मागे नारळी-पोफळीचं आगर. असल्या घरात पाय ठेवला की शहरी माणूस 'अहाहा' म्हणतो. आमचंही 'अहाहा' झालं, पण अर्ध्यावरच थांबलं. कारण अंगणातून पडवीत जायला दोन पायऱ्या, पडवीतून ओटीवर एक, ओटी आणि माजघर यांच्यामध्ये उंबरा, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आणखी उंच उंबरा, मग एक पायरी खाली, मग मागील दार, आणि त्यालाही उंबरा. हे घर रांगणाऱ्यांसाठी आहे आणि चालणाऱ्यांसाठी आहे. मधल्या प्रजेचा विचार बांधणाऱ्याने केलेला नाही. बरं, दारांच्या चौकटी ठेंगण्या. तेव्हा प्रत्येक दारात चिरंजिवांच्या पायाला उंबरा लागे आणि त्यांना धरायला धावलेल्या माझ्या कपाळाला चौकट. रडण्याचा आवाज कोणाचा, हे पाहायला आतून कुणीतरी येई.

न्यूयॉर्कच्या विद्यापीठात कॅरन अडॉल्फ नावाच्या बाईंनी मुलांच्या चालण्याचा अभ्यास केला आहे. चालायला शिकणारं मूल तासाला सरासरी 2368 पावलं टाकतं आणि 17 वेळा पडतं, असं त्यांनी 2012 साली मांडलं. केळशीच्या काकूंना मी हे सांगितलं. "मोजायला बसल्या होत्या? उचलायचं सोडून?" काकू म्हणाल्या. त्यांची पद्धत साधी. मूल अडखळून पडलं की त्या उंबऱ्याला चापट मारत आणि "हात् रे लबाडा!" म्हणत. दुसऱ्या दिवसापासून चिरंजीव पडायच्या आधीच उंबऱ्याला मारून घेऊ लागले. मग शांतपणे पडत.

काकांनी माळ्यावरून पांगुळगाडा काढला. तीन चाकांचा, लाकडी, काकांच्या स्वतःच्या बालपणीचा. त्यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले. डॉक्टरांनी वॉकर आणू नका म्हणून बजावलं होतं. बाबांनी कॅनडात 2004 पासून बेबी वॉकरच्या विक्रीवर बंदी असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, तो प्लॅस्टिकचा, मूल आत बसवायचा; हा मागून ढकलायचा. आजी म्हणाली, कॅनडाने आपलं आपण पाहावं. वाद रंगात आलेला असताना चिरंजिवांनी पांगुळगाडा आडवा पाडला, त्याचं एक चाक उपटून तोंडात घातलं आणि ते आजीच्या वॉकरकडे वळले.

आजीचा वॉकर अॅल्युमिनियमचा, चार पायांचा, खाली रबरी बुचं. गुडघ्यामुळे गेल्या वर्षापासून तो तिचा सोबती. चिरंजीव त्याच्या आत शिरले आणि मधली आडवी दांडी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. वरची मूठ आजीच्या हातात. आजीने वॉकर वीतभर पुढे टेकवला की आतला प्रवासी दोन पावलं टाकी. मग आजी एक. टक्, दुडदुड, खरड. टक्, दुडदुड, खरड. ओटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला चहा निवण्याइतका वेळ लागत होता. दोघांचा वेग तंतोतंत जुळला, कारण दोघांनाही पडण्याची भीती सारखीच होती. एकाला सवयीची, एकीला अनुभवाची. त्या दिवसापासून आजीला न्हाणीघरात जायचं असलं तरी आधी वॉकर रिकामा करून घ्यावा लागे.

देवळात जायचं काम आम्ही सकाळीच उरकून घेतलं. महालक्ष्मीचं देऊळ घुमटाचं आहे. आत शिरताच चिरंजिवांनी किंचाळून पाहिलं, तर वरून कुणीतरी परत किंचाळलं. मग संकल्प, मंत्र आणि घुमटाशी चाललेला संवाद, सगळं एकाच वेळी सुरू राहिलं. ओटी भरून झाल्यावर मूल देवीपुढे ठेवायचं, त्याने नमस्कार केल्यासारखं दिसेतो थांबायचं आणि उचलायचं, असा बेत. ठेवलं. क्षणभर डोकं खाली गेलंसुद्धा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कळलं, की ते डोकं खणानारळातल्या तांदळांकडे गेलं होतं.

संध्याकाळी समुद्र. इथे केळशीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. किनाऱ्याजवळ वाळूची एक मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून ती काही शतकांपूर्वीच्या त्सुनामीने आणून टाकलेली असावी असं मांडलं. बाबांनी निवृत्तीनंतर वाचन वाढवलेलं असल्यामुळे त्यांनी आम्हाला वाळूत बसवून हे सविस्तर ऐकवलं. वाळूचे थर, त्यात मिळालेली खापरं, नाणी. सगळे माना डोलवत होते. चिरंजीव पुरावा खात होते.

मऊ वाळूवर तरी मूल उभं राहील, पडलं तरी लागणार नाही, असा माझा होरा. पण तिथे धरायला काहीच नाही, क्षितिजापर्यंत एक टीपॉय नाही. चिरंजिवांनी चारी दिशांना पाहिलं, बसकण मारली आणि उठायला साफ नकार दिला. मग आम्हीच फर्निचर झालो. दोन-दोन हातांवर ओळीने उकिडवे बसलो आणि "ये, ये, ये" असा घोष सुरू झाला. बाबांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा, आईच्या हातात बिस्किट, बायकोच्या हातात मोबाईल. काठावर जाळं आवरणारा एक दादा हा प्रकार बराच वेळ पाहत होता. "पोर दमलंय," एवढंच तो म्हणाला. दमलो आम्ही होतो.

मार्च म्हणजे कासवांचा हंगाम. खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं, तेव्हा तिथे जाणं आलंच. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं टोपलीतून आणतात, पण पाण्यात नेऊन सोडत नाहीत. थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात आणि पुढचं अंतर ती स्वतः चालतात. प्रेक्षकांनी दोरीच्या मागे राहायचं, हात लावायचा नाही. तळहाताएवढंही नसलेलं ते पिल्लू वल्ह्यासारखे पाय मारत निघालं, उताणं पडलं, सावरलं, लाटेने मागे फेकलं तरी पुन्हा निघालं.

"बघ, जन्मल्या दिवशी चालतंय," आई म्हणाली आणि तिने नातवाकडे अर्थपूर्ण पाहिलं.

"चालेल नाही तर काय करील!" आजी खुर्चीतून म्हणाली. "आई नाही, आजी नाही, कडेवर घ्यायला कोणी नाही बिचाऱ्याला."

बायको त्या दोरीकडे पाहत होती. "अशी एक आपल्या हॉलमध्ये लावून घेऊया," ती माझ्या कानात म्हणाली. "सगळ्यांनी पलीकडे बसायचं."

दोरी लावायची वेळ आली नाही. निघायच्या दिवशी सकाळी ओटीवर चिरंजीव वॉकरमध्ये उभे होते. काकूंनी आतून आंबोळ्या झाल्याची हाक दिली. आजी आंबोळीच्या बाबतीत वाट पाहत नाही. तिने वॉकर उचलला आणि निघाली. मागे उरला एक मनुष्य, हात हवेत, धरायला काही नाही. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं. आपली वस्तू भरदिवसा चोरीला जाताना माणूस जसा पाहील तसंच. आणि रडत, ओरडत, दोन्ही हात पुढे करून तो आजीच्या मागे चालत गेला. उंबऱ्यापर्यंत. तिथे त्याने उंबऱ्याला एक चापट मारली आणि बसला.

"मी शिकवलं," आजी म्हणाली. आई म्हणाली, देवीची कृपा. बाबांचं मत होतं, की हे चालणं नव्हे, पाठलाग. याची नोंद करता येणार नाही. बायकोने व्हिडिओ काढला होता, पण त्यात सगळ्यांच्या पाठीच दिसतात.

परतीच्या गाडीत त्याला मांडी चालेना. खाली उतरला आणि सीटचे दांडे, लोकांची ढोपरं, एका आजोबांचं धोतर, कोळणीची टोपली असं धरत मधल्या वाटेने निघाला. ज्याच्या ढोपराशी पोचे तो त्याला पुढच्या ढोपरापर्यंत सोडी. मी मागे वाकून, दोन्ही हात पसरून. कंडक्टर समोरून तिकिटं फाडत येत होता. दोघांची गाठ बसच्या मधोमध पडली.

"याचं तिकीट?"

"पाच वर्षांखाली आहे."

"ते बसणाऱ्याचं झालं," कंडक्टर म्हणाला. "हा मुंबईपर्यंत चालत निघालाय."