जेसीबीची नाडीपरीक्षा

निवृत्तीनंतर मी काय करू नये, याची यादी बायकोने आधीच सांगून ठेवली होती. शेअर बाजार नाही, पतसंस्थेचं संचालकपद नाही, कुणाच्या निवडणुकीचा प्रचार नाही. यादीत जेसीबी नव्हता. तिच्या मनातच आलं नाही. त्या एवढ्याशा फटीतून मी निसटलो आणि पुतण्याच्या भागीदारीत वीस वर्षं राबलेलं एक यंत्र घेऊन वर्ध्याच्या सेलू तालुक्यात परतलो.

जेसीबी म्हणतो खरा, पण आमचं यंत्र त्या कंपनीचं नाही. ते ज्या कंपनीचं होतं तिचं नाव आधीच्या मालकाने पिवळा रंग मारताना बुजवून टाकलं. बिघडत नाही. समोर सूप आणि मागे लांब हात असलेलं काहीही गावात शिरलं की पोरं ‘जेसीबी आला’ म्हणूनच ओरडतात, जसा वनस्पती तुपाचा कुठलाही डबा आपल्याकडे डालडाच असतो. जोसेफ सिरिल बामफर्ड या इंग्रज गृहस्थाने 1945 साली धंदा मांडला, 1953 मध्ये असलं यंत्र बाजारात आणलं, 1979 पासून त्याच्या कंपनीने भारतात बस्तान बसवलं. त्याच्या नावाची तीन अक्षरं आता आमच्याकडे सामान्यनाम झाली आहेत. एवढं भाग्य आमच्या आमदारांनाही लाभलेलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. पास्कलचा नियम तर मी झोपेतही सांगेन: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. तीस वर्षं फळ्यावर मी एक बारीक नळी आणि एक जाड नळी काढत आलो. यंत्र घेतलं त्या रात्री अंगणात बसून पुतण्याला हिशेब करून दाखवला. 10 सेंटीमीटर व्यासाच्या पिस्टनवर 200 बार दाब आला की रेटा होतो सुमारे 16 टन. पुतण्या म्हणाला, “काका, हे सगळं ठीक आहे, पण डिझेलचे पैसे कोण देणार?”

मे महिन्यात नाला खोलीकरणाचं काम लागलं आणि यंत्राने अंग टाकलं.

टाकलं म्हणजे कसं, ते नीट सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. सकाळी सात वाजता यंत्र तरण्या गोऱ्ह्यासारखं. बकेट काळ्या मातीत घुसायची, भरून वर यायची. वीसेक मिनिटं झाली की पंप कण्हायला लागायचा. मग मागचा हात उचलायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात ऑपरेटर खर्रा घोटून घ्यायचा. पाऊण तासाने पुढचं सूप जमिनीवरून हलेना. यंत्र बंद करून सगळ्यांनी चहा घेतला की पुन्हा वीस मिनिटं गोऱ्हा. थोडक्यात, माझ्यासारखंच निवृत्त.

2019 च्या मे महिन्यात ‘जेसीबी की खुदाई’ बघत बसणाऱ्यांवर सगळा देश मोबाइलवर हसला होता. आमच्या नाल्यावर पंचवीस-तीस जण रोज प्रत्यक्ष बसलेले असत. यंत्र चालू असेतोवर ते प्रेक्षक होते. बंद पडल्यावर ते डॉक्टर झाले.

“पंप गेला बाप्पा.”

“पंप नाही ना, तेल पातळ झालं. उन्हाळा पाहून रायला ना तू?”

“सीलकिट टाका सर, माह्या साळ्याच्या गाडीचं असंच झालतं.”

एक म्हातारबा मात्र काही सुचवत नसत. 2017 चा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने जिंकला, राज्यात पहिला नंबर, आणि तोही माणसांनी कुदळ-फावडं चालवून. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणायचे, “मास्तर, काकडदऱ्याच्या कुदळीले पंप नव्हता.”

पहिला मिस्त्री आला तो सकाळी. त्याने दाबाचं गेज जोडलं, एक लिव्हर ओढून सिलिंडर टोकाला नेला आणि तसाच धरून ठेवला. असं केलं की तेलाला जायला जागा उरत नाही, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि गेजवर यंत्राचा खरा जोर दिसतो. काटा टेचात जागेवर गेला. “पंप वाघासारखा आहे,” मिस्त्री म्हणाला. “सील गेले असतील.” पैसे घेतले आणि गेला.

दुसरा मिस्त्री आला दुपारी, यंत्र तासभर चालून झाल्यावर. त्याचंही तसलंच गेज. काटा अर्ध्यावर थरथरत राहिला. “पंप मेला,” तो म्हणाला. जाता जाता रिलीफचा स्क्रू आवळून द्यायलाही तयार होता. तेवढं मात्र मी विज्ञानाच्या जोरावर थांबवलं. रिलीफ ही प्रेशर कुकरची शिटी आहे. डाळ शिजत नाही म्हणून कुणी शिटीवर वरवंटा ठेवत नाही.

म्हणजे एकच पंप सकाळी वाघ आणि दुपारी मयत. मी दोघांनाही खोटं म्हणू शकत नव्हतो, काटा माझ्यादेखत हलला होता. मग मी स्वतः तपासाला लागलो. पाइपाच्या जोडावर तेलाचा ओलावा दिसला म्हणून चालू यंत्रात बोट लावून बघायला गेलो, तर ऑपरेटरने माझा हात असा झटकला, जसा आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्याने झटकला नव्हता. 200 बारचं तेल सुईएवढ्या भोकातून आलं की कातडीत घुसतं आणि पुढे बोट कापायची वेळ येऊ शकते. गळती बोटाने नाही, पुठ्ठा धरून बघायची. हे पास्कलच्या धड्यात नव्हतं.

हा ऑपरेटर बावीस वर्षांचा. दहावीला विज्ञानात त्याला किती मार्क पडले होते ते मी विचारत नाही, कारण पेपर मीच तपासले होते. त्या दिवशी चहाच्या वेळी तो पाट्यावर बसून म्हणाला, “सर, एक सांगा. सारेच हात सुस्त झाले का एकच?”

“सगळेच.”

“मंग सील काहून जाईल? एका सिलिंडरचं सील गेलं त तोच हात मरते. उचललेला हात आपोआप खाली येते. आपला त वर धरला का वरच राहते. सारे संगंच सुस्त म्हणजे खोट सायच्यात हाय, सारे जिथून तेल पितात तिथं.”

मी गप्प. पुढचा प्रश्न तर पेपरात टाकण्याजोगा होता.

“तेल तापून पातळ झालं म्हणतात. पंपाची झीज झाली त पातळ तेल आतल्या आत मागं पळते, हे खरं. पण आपण धा मिनिटं चहा घेतो. येवढ्या उन्हात धा मिनिटात टाकीतलं तेल थंडं होते का? हात लावून पाहा, चटका बसते. तरी यंत्र उठते. मंग तेल तापल्यानं नाही होत हे. थांबल्यानं बरं होते.”

थांबल्याने बरं होतं! पंप जुना झाला म्हणून तो विश्रांती घेऊन तरुण होत नाही. तो मी नाही. पंप चालू असताना काहीतरी ओढलं जातं, पंप थांबला की ते सुटतं. पंप कण्हत होता तो जोर लावून नव्हे, तेल मिळत नव्हतं म्हणून. नळाला पाणी नसताना मोटर चालू ठेवली की ती जशी रडते तसं. आता दोन्ही गेजांचा तंटाही मिटला: पहिला मिस्त्री आजार चढायच्या आत आला, दुसरा चढल्यावर. दोघांनी एकाच रोग्याचा ताप बरोबर मोजला होता. वेळ कुणी लिहिली नाही एवढंच.

संध्याकाळी टाकी रिकामी केली. पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते, कचरा अडवायला. ऑपरेटरने आत हात घातला आणि काळं, लिबलिबीत, लांबट असं काहीतरी बाहेर काढलं. काठावरचे पंचवीस जण उठून जवळ आले. कुणी म्हणालं साप, कुणी म्हणालं बेडूक. ऑपरेटरने ते डिझेलमध्ये खळबळून धुतलं आणि माझ्यापुढे धरलं.

माझा रुमाल. खादीचा. काठाला बायकोने घातलेलं माझ्या नावाचं आद्याक्षर दिसत होतं.

गेल्या पावसाळ्यात टाकीचं झाकण हरवलं, तेव्हा तोंडात पाणी जाऊ नये म्हणून मीच तो बोळा कोंबला होता. तोंडातली गाळणी आधीच्या मालकाच्या राज्यातच बेपत्ता झालेली. काही दिवसांनी बोळा दिसेना, तेव्हा रस्त्यात पडला असेल असं समजून मी प्लॅस्टिकची पिशवी बांधली, वरून ट्यूबचं रबर. इकडे रुमाल आत तेलात पोहत होता. पंप चालला की ओढला जाऊन जाळीला जाऊन चिकटायचा, थांबला की सुटून पुन्हा तरंगायचा.

वर्धा जिल्ह्यात हे घडावं यात मला नवल वाटत नाही. 1936 मध्ये गांधीजी ज्या शेगावात राहायला आले आणि ज्याचं पुढे सेवाग्राम झालं, ते आमच्यापासून लांब नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात 1938 पासून चरखे जपलेत. लोकांना उगाच वाटतं की गांधीजी सरसकट यंत्राविरुद्ध होते. त्यांनी शिलाई मशीनची तारीफ केली आहे आणि 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. पण जेसीबीच्या टाकीत शिरून खादीने शांतपणे, कुणाला इजा न करता, वीस-वीस मिनिटांच्या हप्त्याने केलेला असहकार त्यांनी पाहिला असता तर हसले असते, याची मला खात्री आहे. म्हातारबांनाही तसंच वाटलं असावं. त्या दिवशी पहिल्यांदा ते काकडदऱ्याचं नाव न काढता घरी गेले.

टाकी धुतली, जाळी बदलली, 68 नंबरचं नवं तेल भरलं. पंपाने इतके दिवस उपाशी काम केल्याची खूण राहिलीच, दुपारी तो अजून जरा कण्हतो. दोन मिस्त्र्यांना दिलेल्या पैशांत असली सात-आठ झाकणं आली असती. रुमाल बायकोने तीनदा सोड्यात उकळला. डाग गेले नाहीत, आणि आता तिच्या यादीत जेसीबी पहिल्या क्रमांकावर आहे.