डीनसाहेबांची माती आणि आजीबाईंचा बॅज

अहो, कपडे मागाहून वाळत घाला, आधी इकडे कुंपणापाशी या. ऐकलंत का, पलीकडच्या आजीबाई आजही निघाल्या आपल्या कँटरबरी कॅथेड्रलात! गुडघ्याचं ऑपरेशन होऊन किती दिवस झालेत, आणि या बघा... छातीवर बॅज, हातात काठी. म्हटलं, "आज तरी घरी बसा." तर म्हणतात, "माझी पाळी आहे, लोक येतील, कोण दाखवणार त्यांना?" आणि हे सगळं फुकट हो! एक पेनी मिळत नाही. उलट दर वर्षी वर्गणी याच भरतात. कॅथेड्रलाच्या फ्रेंड्समध्ये आहेत ना त्या.

आमचे हे म्हणाले, "एवढं मोठं देवस्थान, आर्चबिशपची गादी, सरकार देत असेल की खर्चाला." मी म्हटलं, कसलं सरकार! इथं कॅथेड्रलांना सरकारकडून नेमानं काही येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मध्येच कधी लॉटरीचा फंड मिळाला तर मिळाला. बाकी तिकीट, देणग्या, आणि ही अशी गुडघे धरून चालणारी माणसं. तो बघा इथून दिसतोय ना बेल हॅरी टॉवर, त्याच्या अंगावरचा एक दगड बदलायचा म्हटलं तरी आधी परांच्या बांधा, मग पाथरवट आणा, मग...

तर काय सांगत होते? हां, फ्रेंड्स. ही टूम काढली जॉर्ज बेलसाहेबांनी. डीन, म्हणजे कॅथेड्रलाचे मुख्य, होते तेव्हा ते इथले. १९२७ सालची गोष्ट. साध्या माणसांनी थोडी थोडी वर्गणी द्यायची आणि ती इमारतीसाठी वापरायची. उभ्या इंग्लंडात कुठल्या कॅथेड्रलाला असे फ्रेंड्स नव्हते. पण एकदा आपल्याकडे झालं म्हटल्यावर बाकीचे कसे गप्प बसतील? दुसऱ्याच वर्षी यॉर्कवाल्यांनी काढलं. १९३१ साली विंचेस्टरनं. आता जिथं जाल तिथं फ्रेंड्स.

आणि बेलसाहेब नुसते पावत्या फाडत बसले असते तर कशाला मी तुम्हाला बोलावलं असतं! त्यांनी नाटक लावलं. अहो खरंच, भर कॅथेड्रलात! १९२८ साल. लिहिलं जॉन मेसफील्डनं, संगीत गुस्ताव होल्स्टचं. आता देवाच्या घरात नट नाचवायचे म्हटल्यावर कुरकुर व्हायचीच. पण कुरकुरणारेसुद्धा बघायला आले असणार, पैज लावते मी. बघितल्याशिवाय नावं ठेवायची कशी?

पुढे बेलसाहेब चिचेस्टरला बिशप होऊन गेले आणि सगळा कारभार राहिला बॅबिंग्टनबाईंच्या हाती. मार्गारेट बॅबिंग्टन. फ्रेंड्सच्या स्टुअर्ड त्या. तीसेक वर्षं बाईंनी फ्रेंड्सचा संसार चालवला. जत्रेच्या... म्हणजे फेस्टिव्हलच्या वेळी नवं नाटक हवं, तर धावपळ बाईंचीच. १९३५ साली एलियटचं नाटक झालं, ते लिहून घेतलं मात्र बेलसाहेबांनीच. तेच ते, आर्चबिशप बेकेटच्या खुनाचं. ज्या आवारात ११७० साली त्याला कापून काढला, त्याच आवारात, चॅप्टर हाऊसमध्ये, तो पुन्हा मारून दाखवला. इथल्या लोकांना कसं वाटलं असेल हो? आपल्याच वाड्यातला खून आपल्यालाच तिकीट लावून दाखवायचा!

पण खरी मजा पुढेच आहे. जरा जवळ या. १९३७ चं नाटक बाईंनी कुणाकडे मागितलं असेल? डोरोथी सेयर्सकडे! लॉर्ड पीटर विम्सीवाली, डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारी! आणि तिनं विषय काय निवडावा? संत नाही, राजा नाही, तर कॅथेड्रल बांधणारा गवंडी. सेंस गावचा विल्यम. ११७४ च्या आगीत आतला भाग जळाला, तेव्हा फ्रान्सहून आणला होता ना, तोच. चार वर्षं छान काम केलं आणि ११७८ साली वरून पडला. पन्नास फूट! त्या वेळचा एक साधू होता, गर्वेज नावाचा, त्यानं सगळं लिहून ठेवलंय. पायाखालचे वासे मोडले म्हणे. आणि पुढे तोही आपल्यासारखाच, देवाचा कोप म्हणावा की सैतानाचा मत्सर, असं घोळवत बसलाय.

पण सेयर्सबाईंना नुसते वासे मोडून कसं चालेल? त्यांनी दोर आणला. विल्यमला गर्व फार, आणि वर एका श्रीमंत विधवेशी त्याचं... समजून घ्या. दोर तपासायला दोघं बसलेत. एकाचं लक्ष दोराकडे नाही, ते त्या दोघांच्या भानगडीकडे. दुसरा साधू, सोवळा. नको ते दिसू नये म्हणून डोळे झाकून प्रार्थना पुटपुटतोय. दोराला चीर गेलेली ती दोघांनाही दिसली नाही! हे मला आजीबाईंनी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "बघ, गप्पा मारणाऱ्याचं चुकलं." मी म्हटलं, "आणि डोळे झाकून बसलेल्याचं नाही वाटतं?" अशा काही बघत राहिल्या माझ्याकडे! मग हसल्या आणि चहा टाकला.

तर काय सांगत होते... डीनसाहेब! अहो, खरा मसाला तर त्यांचाच. हे दुसरे, हेवलेट जॉन्सन. १९३१ साली आले आणि तिसावर वर्षं हलले नाहीत. सगळं जग त्यांना रेड डीन म्हणायचं. डोक्यावर पांढरे केस, पायात ते जुन्या पद्धतीचे गेटर, छातीवर क्रूस, आणि तोंडात रशियाचं कौतुक! १९३८ साली चौसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, नवरी बत्तीस-तेहतीसची. ते एक असो. पण परदेशात लोकांना डीन कोण आणि आर्चबिशप कोण कळेना. त्यांना वाटायचं, कँटरबरीचा मुख्य धर्मगुरूच स्टॅलिनची आरती ओवाळतोय. आर्चबिशपांची काय अवस्था झाली असेल! शेवटी १९४० साली इथल्या कॅननमंडळींनी, म्हणजे डीनच्या हाताखालच्या धर्मगुरूंनी, सरळ टाइम्समध्ये पत्र छापलं, की डीन बोलतात ते त्यांचं त्यांना, आमचा काही संबंध नाही. आणि राहायचं सगळ्यांनी एकाच आवारात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला समोरासमोर उभं राहताना चेहरे कसे असतील ते डोळ्यांपुढे आणा जरा!

त्यात माती. युद्ध येणार दिसल्यावर डीननी कॅथेड्रलात मातीचे ढीग आणून टाकले, खाली तळघरात लोकांना बॉम्बपासून आसरा मिळावा म्हणून. गावात नुसता गहजब! देवाच्या घरात चिखल! रशियाला जाऊन आलेल्या माणसाकडून आणखी काय होणार, वगैरे वगैरे. जुन्या रंगीत काचा मात्र तेवढ्या शहाणपणानं आधीच उतरवून ठेवल्या होत्या. त्याबद्दल कुणी तोंड उघडलं नाही. चांगलं केलेलं कुठे बोलतात लोक?

आणि मग १९४२ चा जून उजाडला. आपल्या लोकांनी कलोनवर बॉम्ब टाकले, म्हणून जर्मनांनी कँटरबरीवर सूड घेतला. निम्मं गाव जळत होतं. कॅथेड्रलाच्या छपरावर आगलावे बॉम्ब पडत होते, आणि वर पहाऱ्यावरची माणसं... एकेक बॉम्ब उचलून खाली भिरकावत होती हो! झटकन खाली टाकायचा आणि पुढच्याकडे धावायचं. लायब्ररी गेली, डीनच्या घराला तडाखा बसला, पण कॅथेड्रल उभं राहिलं. मला सांगा, त्या छपरावर कुणी विचारलं असेल का, तू डीनच्या बाजूचा की कॅननच्या?

आणि युद्धानंतर दुरुस्तीला पैसे कुणी दिले, ओळखा. थॉमस लॅमॉंट! अमेरिकेतला, मॉर्गन बँकेतला बडा माणूस! १९४७ साली पाच लाख डॉलर! कम्युनिस्टांचं गुणगान करणाऱ्या डीनच्या कॅथेड्रलाला वॉल स्ट्रीटची थैली! डीननी नको म्हटलं नाही, आणि लॅमॉंटनंही हात आखडता घेतला नाही. पुढे १९५१ मध्ये डीनना स्टॅलिनच्या नावाचं शांतता बक्षीस मिळालं, तोवर बँकवाल्याची थैली कधीच पोचली होती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं. मग परवाचं घ्या. २०२४ चा फेब्रुवारी, सायलेंट डिस्को! कानाला दिव्यांचे हेडफोन लावून माणसं कॅथेड्रलात नव्वदच्या दशकातल्या गाण्यांवर उड्या मारतायत, आणि बाहेर थंडीत दुसरी माणसं निषेधाची प्रार्थना करतायत. सह्यांचा अर्जसुद्धा गेला. तिकिटं मात्र सगळी खपली होती. आमचे हे चिडले, "लाज नाही वाटत?" मी म्हटलं, १९२८ साली मेसफील्डच्या वेळी तुम्ही असतात तर तेव्हाही चिडला असता. गणपतीच्या मंडळासारखंच आहे हो, स्टेजवर काय लावायचं यावरून चार घरं बोलायची बंद होतात, आणि तीच चार घरं मांडवाचे बांबू धरायला येतात.

आजीबाईंना विचारलं मी, डिस्को आवडला का? तर म्हणाल्या, "अजिबात नाही. पत्रसुद्धा लिहिलं मी." म्हटलं, मग गाइडचं काम सोडलं नाहीत ते? तर अशा काही रागावल्या! "मी डीनची गाइड नाही, कॅथेड्रलाची आहे." आणि फ्रेंड्सच्या वर्गणीच्या नूतनीकरणाच्या अर्जावर सही करत राहिल्या.

हं, तर मुद्द्याचं राहिलंच. नव्या गाइड हव्यात म्हणाल्या त्या. इतिहास शिकवतात सगळा, चहासुद्धा मिळतो, आणि बोलायची आवड असेल तर फारच बरं म्हणे. मी माझं नाव दिलं. आणि तुमचंही देऊन टाकलं, शनिवारी सकाळी दहाला पहिला क्लास... अहो, चेहरा का पडला एवढा? कपडे मी घालते वाळत, तुम्ही आत जाऊन तुमच्या ह्यांना सांगा.